खुलासा

पूर्वी रेल्वे स्टेशनांवर वजनाची यंत्रं असत. लाल-हिरवे दिवे लुकलुकताहेत, काचेच्या आत एक रंगीत चक्र गरगर फिरतंय, असा सगळा थाट. पायरीवर उभं राहायचं, चक्र थांबेपर्यंत श्वास धरायचा, नाणं टाकायचं, की खट्कन एक पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. तिकिटाच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य म्हणजे बहुतेक वेळा नुसता स्वभावच असे. यंत्रालाही बहुधा एका नाण्यात भविष्य सांगणं परवडत नसावं.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना दादर स्टेशनवर माझं वजन निघालं २४ किलो. मागे छापलं होतं की, आपण मनाने उदार आहात, परंतु लोक आपल्या औदार्याचा गैरफायदा घेतात. त्या वेळी माझ्या नावावर एकूण मालमत्ता म्हणजे चाळीस पैसे आणि आर मोडलेला एक भोवरा. माझ्यामागून आमच्या चाळीतले शेजारचे काका चढले. यंत्रानं जरा आढेवेढे घेतले आणि मग तिकीट टाकलं. पुढे ९१ किलो आणि मागे 'आपला मनावर उत्तम ताबा आहे'. काका खूश! तिकीट पाकिटात ठेवायला लागले. काकू म्हणाल्या, "मनावर असेल हो. जिभेवरचं विचारा त्याला."

सगळे हसले. काकाही हसले. पण माझ्या डोक्यात तेव्हा शिरलेला किडा पुढे तीस-पस्तीस वर्षं आतच राहिला. वजन आणि स्वभाव एकाच पुठ्ठ्यावर का छापतात? म्हणजे, पाठपोट असल्यामुळे त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं समजायचं की काय?

आमच्या घरात मात्र ह्या प्रश्नाचं उत्तर केव्हाच ठरलेलं होतं. आजोबांच्या मते माणसाचं वजन, बुद्धी, परीक्षेतले गुण आणि पुढे लग्नाच्या बाजारातला भाव ह्या सगळ्यांचं मूळ एकच, ते म्हणजे कोठा. सकाळी उठल्या उठल्या ते प्रत्येकाला विचारत, "खुलासा झाला का?"

हल्लीच्या मुलांना खुलासा म्हटलं की वर्तमानपत्रातला मंत्र्यांचा खुलासा आठवतो. पण जुन्या मराठीत शौचाला साफ होणं म्हणजेच खुलासा. दोन्ही ठिकाणी एकच शब्द का, हे मला बँकेत लागल्यावर कळलं. साहेबांनी पहिल्यांदा मेमो देऊन माझ्याकडे खुलासा मागवला तेव्हा तो मलाही तितकाच जड गेला होता.

आजोबांपुढे खोटं बोलायची सोय नव्हती. चाळीच्या टोकाला संडास चार आणि बिऱ्हाडं बावीस. सकाळी टमरेल घेऊन रांगेत उभं राहायचं, तिथे कोण किती वेळात बाहेर आलं ह्याची नोंद सगळी चाळ ठेवत असे. जो चटकन बाहेर येई तो सरळमार्गी. जो वेळ लावी तो घुमा, आतल्या गाठीचा. गणितात नापास झालो तर आजोबा प्रश्नपत्रिका मागत नसत, एरंडेलाची बाटली मागत. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सुंठीच्या कडकडीत चहातून एरंडेल आणि दुपारी मऊ भात, असा कार्यक्रमच असे. शेजारच्या काकांबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं. "जाड कसला? जे जायला हवं ते जात नाही, मग साठतं."

मी पुढे बी.कॉम. झालो आणि हा सिद्धांत मला अधिकच पटला. आरंभीची शिल्लक अधिक आवक वजा जावक बरोबर अखेरची शिल्लक, ह्यापलीकडे आम्हा कॉमर्सवाल्यांचं तत्त्वज्ञान ते कोणतं? माणूस हे गोदाम. आवक तोंडातून. जावक... असो. जाड माणूस म्हणजे माल उठत नसलेलं गोदाम आणि बद्धकोष्ठ म्हणजे थकबाकी. वसुली जोरात केली की ताळेबंद आपोआप सुधारेल, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

चाळिशी ओलांडल्यावर माझी स्वतःची शिल्लक वाढली. ६६ चे ७९ झालो. शर्टाचं शेवटून दुसरं बटण काउंटरवरच्या ग्राहकांना सलाम करू लागलं. मी ताबडतोब जावकीच्या बाजूला लक्ष घातलं. आधी इसबगोल, मग त्रिफळा. मग एका शनिवारी रात्री कुणीतरी सांगितलेलं एक चूर्ण घेतलं. नाव सांगत नाही, कारण त्याच्याशी माझं वैर नाही. रविवारी मी घरात असूनही घरच्यांना दिसलो नाही. संध्याकाळी काट्यावर उभा राहिलो तर चांगला सव्वा किलो कमी! मी बायकोला हाक मारली. ती शांतपणे म्हणाली, "अहो, आधी सरबत घ्या. डोळे खोल गेलेत." दोन ग्लास सरबत, दोन वाट्या मऊ भात, रात्री पाणी. सोमवारी सकाळी काटा पुन्हा ७९ वर. सव्वा किलो आला तसा गेला, आणि गेला तसा आला. आमच्या बँकेत अशा खात्याला चालू खातं म्हणतात.

आता झालं काय होतं? जुलाबानं जातं ते मुख्यतः पाणी. अन्नातला खरा ऐवज लहान आतड्यातच वसूल होऊन रक्तात जमा झालेला असतो. ही चूर्णं न् गोळ्या काम करतात त्या बहुतेक मोठ्या आतड्यावर, म्हणजे तिजोरी रिकामी करून चोर पसार झाल्यावर तिथे पोलीस पोचतात. शिवाय ज्या मालाची आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एवढी काळजी वाहिली त्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं आणि उरलेल्यात मोठा वाटा जिवाणूंचा. रोजचा सगळा मिळून ऐवज शंभर-दोनशे ग्रॅम. एवढ्यावरून आजोबा माणसाचं चारित्र्य ठरवत.

ह्या विषयात आपल्या आधी कुणी हिशेब मांडला असेल का, म्हणून मी वाचनालयात शोध घेतला तेव्हा मला माझा मानसगुरू भेटला. इटलीतल्या पदुआ विद्यापीठात सँतोरिओ नावाचा वैद्यकाचा एक प्राध्यापक होता. त्यानं खुर्चीच तराजूला टांगली. जेवायचं तिच्यावर बसून. खाल्लेलं वजन करायचं, प्यायलेलं वजन करायचं, आणि बाहेर पडलेलंही. एक-दोन दिवस नाही, सुमारे तीस वर्षं! १६१४ साली त्यानं आपले निष्कर्ष छापले. असा माणूस आमच्या शाखेत हवा होता. पण गंमत अशी की त्याचा हिशेब जुळेना. दिवसाला आठ पौंड खाणंपिणं पोटात गेलं तर बाहेर पडलेलं सगळं मिळून भरायचं तीन पौंड. पाच पौंड बेपत्ता! वजन मात्र आहे तेवढंच. सँतोरिओनं ती तूट न दिसणाऱ्या घामाच्या नावावर टाकली. मी वाचता वाचता टाळी दिली. तफावत सापडत नाही तेव्हा आम्हीही नेमकं हेच करतो. त्याला आम्ही सस्पेन्स खातं म्हणतो.

त्या खात्याचा बराचसा उलगडा आता झालेला आहे. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी चरबीचा हिशेब अगदी अणुरेणूंपर्यंत नेऊन मांडला. माणसाच्या अंगातली १० किलो चरबी जळाली तर तिचा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि १.६ किलो पाणी. म्हणजे चरबी मुख्यतः जाते ती नाकातोंडावाटे, उच्छ्वासातून. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो. आमच्या घराण्यानं चार पिढ्या ज्या दारावर पहारा दिला, त्या दारानं चोर कधी गेलाच नव्हता!

(लगेच जोरजोरात श्वास सोडून पाहिला, हेही कबूल करतो. त्यानं चक्कर येते, चरबी जात नाही. आधी ती जळावी लागते, आणि त्यासाठी कमी खाणं न् हलणंफिरणं ह्यांना पर्याय निघालेला नाही. बायको म्हणाली, "एवढं वाचलंत त्यापेक्षा भाजी आणायला चालत गेला असतात.")

आणखी एक अन्याय उघडकीला आला तो सांगितलाच पाहिजे. रोज सकाळी एकदा म्हणजे एकदाच, हा आजोबांचा दंडक. वैद्यकशास्त्राची पट्टी बरीच सैल आहे. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा ह्यांच्यामध्ये जे काही असेल आणि त्रास होत नसेल, ते त्या माणसापुरतं ठीक. माझ्या थोरल्या आत्याला दिवसाआड होत असे. बिचारी सत्तर वर्षं गुन्हेगारासारखी वावरली.

बरं, जाड माणसाचा कोठा जड असतो, हे तरी खरं असावं ना? तिथेही सरळ संबंध सापडत नाही. वजन वाढलं की आम्लपित्त, पित्ताशयातले खडे, यकृतावर चरबी ह्या गोष्टी वाढतात, हे खरं. मी काही वजनाचा वकील नाही. पण बारीक माणसं दिवसच्या दिवस कुंथत असतात आणि दीडशे किलोचा गृहस्थ शीळ घालत पाच मिनिटांत बाहेर येतो. हे कुणीही पाहावं. चाळीत तर आम्ही रोज पाहत होतो आणि तरी आजोबांचंच खरं मानत होतो.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. आता आमच्या शाखेतल्या भाऊंकडे यायला हवं. खरं म्हणजे हा लेख तिथूनच सुरू व्हायचा, मीच टाळत होतो.

भाऊ आमचे हेड कॅशियर. वय चोपन्न, वजन ९४. पेन्शनच्या दिवशी म्हाताऱ्यांची फाटकी नोट मुकाट्याने बदलून देणारे, मी नवा असताना नोटांचं बंडल एका हातानं कसं मोजायचं ते शिकवणारे. आणि सगळ्या शाखेच्या विनोदाचा ठरलेला विषय. भाऊ लिफ्टमध्ये शिरले की कुणीतरी बाहेर पडण्याचा आविर्भाव करायचा. भाऊंची खुर्ची बदलली की साहेब म्हणायचे, "डेड स्टॉकमध्ये नोंद करा." भाऊ स्वतःही हसायचे. जाड माणसाला हसावंच लागतं. बारीक माणसाला चिडायची मुभा असते, जाड माणूस चिडला तर तोही एक विनोदच होतो.

त्यांना सल्ला द्यायला ना कुणाला वेळ बघावी लागे, ना ओळख. रोख भरायला आलेला ग्राहक नोटा मोजून होईपर्यंत जिऱ्याचं पाणी सांगे. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेले तर डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. दम लागतो, वजन कमी करा. पोटात दुखतं, वजन कमी करा. भाऊ म्हणायचे, "उद्या मला विंचू चावला तरी हा वजनच कमी करायला सांगेल."

२०२२ च्या दिवाळीनंतर भाऊ बारीक व्हायला लागले. आधी पट्ट्याला नवीन भोक पाडलं, मग दुसरं. मार्चअखेरच्या धांदलीत कुणाचं लक्ष नव्हतं, पण एप्रिलात एक दिवस त्यांनी जिल्हा कार्यालयातला काटा केला तर ८१! शाखेत आनंदीआनंद. साहेबांनी पेढे मागवले आणि भाऊंना मात्र देऊ नका म्हणाले. कर्जविभागातल्या दोघी मॅडमनी त्यांच्याकडे पाहून रात्रीचा भात सोडला. सगळे विचारू लागले, काय केलंत? भाऊ म्हणायचे, "काही नाही हो, आपोआप." हा त्यांचा विनयच आहे, असं आम्ही धरून चाललो.

कॅशच्या केबिनमधून उठायचं म्हणजे नोटा मोजून, गल्ला बंद करून, चावी खिशात घालून उठावं लागतं. भाऊ वर्षानुवर्षं सकाळी दहाला बसले की जेवणापर्यंत उठत नसत. त्या दिवसांत मात्र ते तासाभरात दोनदा उठत. रांगेतली माणसं कुरकुरत. मी पलीकडच्या काउंटरवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, भाऊंची आवक कमी आणि जावक जास्त झालीय. ताळेबंद सुधारला तो उगाच नाही!"

मोठा हशा झाला. भाऊ दारात वळले, हसले आणि आत गेले. वाक्य चांगलं होतं, अजूनही चांगलंच आहे. म्हणूनच ते मला विसरता येत नाही.

संध्याकाळी मी ते घरी सांगितलं. बायको भाजी निवडत होती, ती हसली नाही. म्हणाली, "ते काय करतात बारीक व्हायला?"

"काही नाही म्हणतात."

"चालतात?"

"नाही."

"खाणं सोडलं?"

"नाही. पण हल्ली भूक नाही म्हणतात."

तिनं सुरी खाली ठेवली. "अहो, काही न करता तेरा किलो? आपलं एक किलो जाता जात नाही. आणि तुम्ही पेढे खाल्लेत?"

मी कॉमर्सचा पदवीधर. खात्यातून कुणाच्याही सहीशिवाय पाच महिन्यांत तेरा हजार गेले असते तर मी सगळी शाखा डोक्यावर घेतली असती. इथे तेरा किलो गेले आणि मी खातेदाराचं अभिनंदन केलं! डॉक्टरांचा साधा ठोकताळा आहे, हे मला नंतर कळलं. काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन मूळच्या पाच टक्क्यांहून अधिक उतरलं तर चौकशी करावी. भाऊंच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे पावणेपाच किलो. ते बहुधा पहिल्या भोकालाच झाले असावेत.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंना चहाला बाहेर काढलं. कसं विचारायचं ते कळेना. आजोबा असते तर एका शब्दात विचारलं असतं. आजोबांचा मला पहिल्यांदाच हेवा वाटला. शेवटी मी त्यांचाच शब्द वापरला. "भाऊ, खुलासा कसा होतो?"

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. मग कपातल्या चहाकडे बघत सांगितलं. तीन महिने पोटाची सवय बदललेली. कधी दिवसात पाच वेळा, कधी दोन दिवस काहीच नाही. रक्तही जातं. मूळव्याध असेल म्हणून जाहिरात बघून आणलेलं औषध चालू होतं.

"घरी सांगितलंत?"

"हे काय घरी सांगायचं? सुनेसमोर?"

"मग डॉक्टरला तरी?"

"अरे, तो जन्मभर वजन कमी करा म्हणत होता. म्हटलं, आता होतंय तर दुखणंही जाईल." मग जरा थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू का? आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझ्या अंगाबद्दल चांगलं बोलत होते. तूसुद्धा. ते मोडवेना मला."

चरकाच्या ग्रंथात एक अध्याय आहे, तो मी नंतर काढून वाचला. शरीराचे तेरा वेग कधीही अडवू नयेत, असं तिथे सांगितलं आहे. मल, मूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रूसुद्धा. आणि लगेच पुढे दुसरी यादी आहे. अडवायचे ते हे वेग, लोभ, क्रोध, मत्सर, निर्लज्जपणा. कठोर बोलण्याचा वेगही त्यातच धरला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस आमच्या शाखेबद्दलच लिहून गेला, असं मला वाटलं. कारण आम्ही बरोबर उलट करतो. काउंटरवर रांग आहे म्हणून दुपारपर्यंत लघवीला उठत नाही, आणि तोंडाशी आलेला विनोद मात्र क्षणभर अडवत नाही. त्याच ग्रंथात दुसरीकडे निंद्य शरीरांची यादी आहे, तिच्यात अतिजाड आहे, तसा अतिकृशही आहे, अतिउंच, अतिठेंगणा, अतिगोरा, अतिकाळा, फार केसाळ आणि अजिबात केस नसलेलाही आहे. ती यादी लावली तर आमच्या शाखेत नोकरीला कुणी उरणार नाही. साहेबांना तर तिनातिनांत धरता येईल.

मग एक प्रश्न राहतो, आणि तो काही पुस्तकात नाही. मी भाऊंचं वाईट चिंतलं होतं का? नाही. शाखेत कुणीच चिंतलं नव्हतं. आम्ही त्यांना शिव्या दिल्या असत्या तर भाऊ कदाचित लवकर बोलले असते. आम्ही कौतुक केलं. चाळीतल्या काकांच्या तिकिटावर वजनाच्या मागे स्वभाव छापलेला होता, तसा आम्ही भाऊंच्या ८१ किलोंच्या मागे संयम, निर्धार, मनावर ताबा असं सगळं आमच्या शाईनं छापून दिलं. ते तिकीट परत करायचं त्यांच्या जिवावर आलं. हा गुन्हा कोणत्या कलमाखाली येतो ते मला ठाऊक नाही. पण नावे बाजूला कुठेतरी पडलेला आहे, जमा बाजूला मुळीच नाही. बायकोला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही विचारलंत ना शेवटी? मग झालं." ती आर्ट्सची आहे. तिचे हिशेब लवकर मिटतात.

दुर्बिणीनं तपासलं तेव्हा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली. कॅन्सरची. डॉक्टर म्हणाले की आणखी चार-सहा महिने गेले असते तर गोष्ट वेगळी होती. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आणि काही महिने पोटावर पिशवी होती. भेटायला गेलो तेव्हा मी काय बोलावं ह्याची जुळवाजुळव करत होतो. भाऊच म्हणाले, "ये. बघ, आता आमची जावक थेट समोरच्या काउंटरवरून." मी हसलो नाही. तेव्हा भाऊ रागावून म्हणाले, "हस ना! तुझाच विनोद आहे, मी फक्त पुढे चालवला." मग मला हसताना जे काही झालं त्याला चरकानं अडवू नये म्हटलं आहे.

ह्या विषयात लाज नसलेला एक मोठा माणूस आपल्याकडे होऊन गेला. गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच्या बद्धकोष्ठाबद्दल आणि त्यावर केलेल्या माती-पाण्याच्या उपचारांबद्दल चक्क लिहिलं आहे. एवढा मोठा माणूस सगळ्या जगाला सांगतो, आणि आपण घरच्या डॉक्टरला सांगताना 'जरा ते हे' म्हणतो. मी ती प्रत भाऊंना वाचायला दिली होती. त्यांनी अजून परत केलेली नाही.

भाऊ आठ महिन्यांनी कामावर आले ते ६९ किलोचे. शर्ट हँगरवर असावा तसा अंगावर. पिशवी निघाली होती. ह्या वेळी कुणी काही बोललं नाही, पेढेही आणले नाहीत. कर्जविभागातल्या मॅडमनी डब्यातून साजूक तुपातला शिरा आणला. मग ७१ झाले, ७४ झाले. परवा ७८. पट्ट्याचं पाडलेलं एक भोक रिकामं झालं तेव्हा मी ते सगळ्यांना बोलावून दाखवलं. साहेबांना ते कार्यालयीन शिस्तीला धरून वाटलं नाही.

आता आमचा रोजचा नेम आहे. भाऊ सकाळी कॅश उघडतात, मी पलीकडून विचारतो, "भाऊ, खुलासा?"

"झाला. समाधानकारक," ते नोटा मोजता मोजता म्हणतात.

गेल्या महिन्यात, पेन्शनच्या दिवशी, रांगेत पहिले उभे असलेले एक आजोबा हे ऐकून पुढे वाकले. जाळीला तोंड लावून हळूच म्हणाले, "कॅशियरसाहेब, तुम्हाला ह्यातलं कळतं का हो? मला चार दिवस झाले..."

भाऊंनी गल्ला बंद केला. चश्मा कपाळावर सरकवला. "चार दिवसच ना? रक्तबिक्त नाही ना? वजन किती होतं आधी? भूक लागते?" आजोबा सांगू लागले. त्यांच्या मागच्या बाईही पुढे सरकल्या, कारण त्यांच्या मिस्टरांचंही तसंच काहीतरी होतं. तिसऱ्या नंबरच्या गृहस्थांनी इसबगोल कोमट पाण्यातून की थंड, असा मुद्दा काढला. रांगेला रांगेचा आकार राहिला नाही. शिपायानं सगळ्यांसाठी बाकडं ओढून आणलं.

बारा वाजता साहेबांचा मेमो आला. रोख विभागाचं कामकाज पस्तीस मिनिटं ठप्प का होतं, ह्याचा संबंधितांनी लेखी खुलासा करावा. भाऊंनी तो मेमो वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे सरकवला.

"तू लिही," ते म्हणाले. "माझा सकाळीच झालाय."